सातवं टेबल

रामबागेतल्या शाळेचा हॉल,
बारा टेबलं, बारा शेगड्या
आणि माझ्या हातात गुणांचा तक्ता:
पोषण तीस, स्वच्छता तीस,
मांडणी वीस, बोलणं वीस.

सातव्या टेबलाशी निनाद गव्हाणे, नववी ब.
भुट्ट्याचा कीस.
केस टोपीत कोंबलेले, नखं इतकी कापलेली
की बोटं उघडी वाटावीत.
दाराबाहेर वडील, घड्याळ बघत;
गराडूची गाडी लावायची वेळ झालेली.

शेजारच्या ताटात बीटाची गुलाबं,
काकडीचा मोर,
डाळिंबाचा दाणा न् दाणा चिमट्यानं ठेवलेला.
याची वाटी अर्धी.
वर कोथिंबीर, तीही घाईतली.

"इतकाच का रे?"
"पहिला फेकून दिला, मॅडम.
किसताना बोट कापलं. एक थेंब पडला."
"कुणी पाहिलं?"
"नाही ना."
आणि पट्टी बांधलेलं बोट
त्यानं ॲप्रनमागे लपवलं.

मग पाठ केलेलं सुरू झालं:
दुधातली प्रथिनं, तेल दोनच चमचे, मका तंतुमय...
तंतुमयवर जीभ अडखळली,
पुढचं सगळं पळालं.
घंटा.

स्वच्छतेचे तीसपैकी तीस दिले.
तरी बक्षीस मोराला गेलं.
बेरीज चोख होती, मी दोनदा केली.

रात्री आमटी उकळत होती.
चमच्यानं चाखली,
आणि तोच चमचा, चाळीस वर्षांच्या सवयीनं,
परत पातेल्याकडे निघाला.

"मीठ बरोबर आहे का गं?" हे आतून.
म्हटलं, थांबा जरा,
दुसरा चमचा घेते.