तीन हिवाळे

स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला
तर पायाखालच्या पत्र्यातून आरपार.
भोकातून गॅरेजची फरशी दिसली,
तिच्यावर विरघळणारा बर्फ.
सत्तावीस वर्षं रस्त्यांवरचं मीठ.
खाल्ल्या मिठाला जागली बिचारी,
आणि मिठानेच तिला खाल्लं.

हेल्वीबाई बाकावर, हातमोजे न काढता.
मी कागदावर आकडा लिहून पुढे धरला.
"एवढ्यात सोदान्क्युलाला एक बरी टोयोटा मिळतेय," म्हटलं,
"सीट गरम होते तिची."
त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही.
पर्समधून लायसन्स काढलं,
चष्मा कपाळावर सारून तारीख वाचली.

"डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, ही शेवटची मुदत.
तीन हिवाळे.
तेवढ्यापुरतं डागून दे."
"आणि चौथ्याला?"
"चौथ्याला बसने जाईन.
बस असली तर."

बाहेर दुपारी दोनलाच काळोख.
वेल्डिंगचा मुखवटा शोधता शोधता
मी हिशेब केला:
तीन हिवाळ्यांना एक मिलिमीटरचा पत्रा पुरतो.

मग मागच्या रॅकवरून
दोनचा ओढला.
बिलात
एकच लिहिला.