कडेची खुर्ची

ओगले गेले, त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी
लॉ कॉलेज रस्त्यावरचा शो ठरल्याप्रमाणे झाला.
चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची.
त्यांचा गुडघा दुमडत नसे, पाय कायम वाटेत.
आत शिरताना आम्ही सगळ्यांनी
सवयीनं ओलांडला
नसलेला पाय.

माझा लाडका सिनेमा त्यांनी एकदा
चार ओळींत निकालात काढला होता.
मी चिडून पत्र टाकलं.
पोस्टकार्ड आलं: "पुन्हा बघतो."
अकरा दिवसांनी दुसरं:
"मध्यंतरानंतर तुमचं बरोबर.
आधीचं मात्र माझंच."
ते कार्ड मी नोकरीच्या ऑर्डरसोबत ठेवलंय.

शेवटी नावं सरकू लागली.
एरवी आम्ही उठायचो, ते बसून राहायचे
पार लाइटबॉयच्या नावापर्यंत.
आज कुणीच उठेना.
दाराशी काळभोर घड्याळ बघत होता,
त्याला कात्रजची शेवटची बस.

मग बाहेर, चहा.
सुमित्रा खाडे म्हणाली, "बरा होता."
"हं," मी म्हणालो.
आणि कप निवेपर्यंत
आम्ही तसेच उभे,
मागून कुणीतरी
"छे! काहीतरीच काय!"
म्हणेल म्हणून.