आधी कंदील

भोसरी एमआयडीसी, रात्रपाळी.
टायरच्या साच्यांवर वर्षभराची काजळी
आणि थर्माकोलच्या पेटीत तांदळाएवढा बर्फ,
ज्याचं कधीच पाणी होत नाही.

हातमोजे, मी म्हणते.
मिथुन हसतो. बर्फच तर आहे मॅडम,
केजच्या जत्रेत गोळा खाल्लाय की.
मी डावी करंगळी पुढे करते.
टोक अजून मेणासारखं,
सुई टोचली तरी दुसऱ्याचंच वाटतं.
तो हातमोजे चढवतो.

कानांवर मफ. डोळ्यांवर काच.
अर्थिंगची तार आधी, बाकी सगळं नंतर.
नोझल माणसाकडे नाही,
गमतीतही नाही, रिकामं असलं तरी नाही.
आणि पेटीचं झाकण गच्च लावू नकोस,
कोंडलं की हे फुगतं,
फुटताना सांगत नाही.

ट्रिगर दाबला
आणि लोहगावची धावपट्टी आमच्या पत्र्याखाली उतरली.
काजळी उडाली,
साचा नव्या नाण्यासारखा उघडा पडला,
फरशीवर थेंब नाही.
गेला कुठे, त्यानं खुणेनं विचारलं.
मी बोट खाली दाखवलं.
त्याला वाटलं, फरशी दाखवतेय.

अडीच वाजता मशीन थांबवलं, मफ उतरवले,
तेवढ्यात पान्हा निसटला.
प्रेसखालच्या खड्ड्यात, ठण्ण.
शिडी लावलेलीच होती,
मिथुनचा पाय पहिल्या पायरीवर.
मी ओरडले नाही. कॉलर धरली.
शर्टाचं एक बटण तुटलं, तेही खाली गेलं.

कमरेचा मीटर सुतळीला बांधून
हळूहळू आत सोडला.
हातभर गप्प होता.
तळाला टेकायच्या आधीच किंचाळायला लागला.
खाली सगळं स्वच्छ दिसत होतं:
पान्हा, बटण, कुणाचा तरी चहाचा कप.
धूर नाही, रंग नाही,
नुसती निवांत बसलेली हवा.

मिथुन बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, आमचे आबा विहिरीतला गाळ काढायचे.
उतरायच्या आधी दोरीला कंदील सोडायचे.
विझला, तर म्हणायचे,
आज विहीर आपली नाही.

नऊ वर्षं मी नव्या पोरांना
आकड्यांच्या स्लाइड दाखवतेय.

शटर वर केलं. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडला.
दारात पायरीवर बसून दोघांनी चहा घेतला,
मीटर मध्ये ठेवून.

पान्हा उजाडल्यावर काढला.
बटण त्यानं खिशात टाकलं,
अजून शिवलेलं नाही.