काच क्रमांक सतरा

लोम्निकच्या शाळेच्या माळ्यावर
बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांमागे सापडल्या त्या,
एकेचाळीस काचा,
प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
पहिला अर्धा दिवस वर्तमानपत्रं वाचण्यातच गेला.

काम सोपं होतं, कागदावर तरी.
ओझ्बोल्त मास्तरांची तिवई जिथे उभी होती
तिथेच आपली रोवायची,
तोच महिना, तीच वेळ, सावली त्याच अंगाला,
आणि चाप दाबायचा.
मग वनखात्याच्या कचेरीत दोन्ही फोटो शेजारी ठेवून
मोजायचं, किती हेक्टरचं काय झालं.

सतरा नंबरची काच, जुलै एकोणीसशे अडतीस.
नुकत्या दाढी केलेल्या गालासारखा उतार,
थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत गवतच गवत,
त्यात लांब दांड्याचे कोयते टेकून माणसं, एका ओळीत.
डावीकडे कोझोलेत्स:
भिंती नाहीत, नुसत्या आडव्या दांड्या आणि वर छप्पर,
गवत वाळत घालायचं त्यावर.
आमच्याकडे म्हणायचे, आधी कोझोलेत्स, मग घर, मग बायको.
झाड एकच. रानटी नाशपती.
खाली कोपऱ्यात एक पांढुरका डाग.
मी नोंद केली: बुरशी.

जागा शोधायला दोन दिवस लागले.
कड्याचं टोक आणि चर्चचा कळस
एका रेषेत यायला हवे होते.
ते आले, नकाशावर.
प्रत्यक्षात मी भूर्जांच्या गर्दीत उभा,
कडा नाही, कळस नाही,
हातभर पुढचं काही नाही.
बुटाला दगड लागला, कोझोलेत्सचा पायवा,
त्याच्या फटीतून हेझेलचं झुडूप वर आलेलं,
शेजारी हरणाच्या ताज्या लेंड्या.
तरी चाप दाबला. नियम म्हणजे नियम.
फोटोत खोडं आली. नुसती खोडं.

साहेब खूश. वनक्षेत्र वाढलं.
वाईट झालं असं मलाही म्हणवत नाही;
त्या उतारावर कोयता चालवायला
कंबरेला दोर बांधावा लागे, असं ऐकलंय.

मग खोऱ्यातल्या वृद्धाश्रमात गेलो,
रोझालियाकडे. वय सत्त्याऐंशी.
तिनं फोटो नाकाजवळ धरला.
डोंगराकडे बघितलंसुद्धा नाही.
हा ब्लाझ. ही आत्या, हिचा कोयता कायम बोथट.
ही नाशपती, फळ चावलं की तोंड वाकडं,
पण दारू? अहाहा.
आणि बोट कोपऱ्यात नेऊन थांबली.
"बुरशी नाही रे बाबा. मी आहे ती."

मास्तर ओरडले होते, कुणी हलायचं नाही.
ढगाळ संध्याकाळ, जुनाट कॅमेरा,
एक, दोन, तीन मोजेपर्यंत श्वास धरायचा.
सगळे खांबासारखे उभे. गवतसुद्धा.
"आणि मला गांधीलमाशी चावली!"

चार वर्षांची पोर पळाली, डाग होऊन काचेवर राहिली.
आता ती खुर्चीतून उठत नाही,
आणि डोंगर मात्र
झाडं अंगावर घेऊन खाली खाली येत
आश्रमाच्या कुंपणापर्यंत पोचलाय.

निघताना तिनं विचारलं, नाशपती आहे का अजून?
मी पाहिलंच नव्हतं.
तक्त्यात तसा रकाना नव्हता.

एप्रिलमध्ये परत गेलो, रजा टाकून, तिवईशिवाय.
भूर्जांना पालवी फुटायची होती.
उघड्या फांद्यांमधून वर, बरंच वर,
उजेडासाठी मान ताणताना उंच झालेली,
एका बाजूनं वाळलेली,
दुसऱ्या बाजूनं फुललेली ती.
वारा होता. हात गारठलेले.
फोटोत नुसता पांढरा, हललेला धब्बा आला.

रोझालियाला दाखवला.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली,
"हिलाही चावली वाटतं."