डबीची ओळख

काड्यापेटीएवढी. वजन सोळा अख्ख्या गरांचं,
मला गरांतच मोजता येतं.
दिगूने मडगावहून आणली, घासाघीस करून.
माहितीपत्रक अर्धं चिनी, अर्धं इंग्रजी,
तेही पिशवीतल्या बांगड्यांच्या पाण्यात भिजलं,
म्हणून ही ओळख आता मीच लिहिते.

आत दोन जीबी. म्हणजे किती, विचारलं
तर दिगू म्हणाला, सकाळच्या भोंग्यापासून
दुसऱ्या दिवसाच्या भोंग्यापर्यंत, आणि वर थोडी.
तेवढं ऐकायला माणूस कुठे बसून असतो!
आम्ही असतो. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात,
बावीस जणी, पायाखाली कळ, हाताशी पातं,
खटक् आणि बी उघडते.

बटणं पाच.
त्यांवरची अक्षरं पहिल्याच महिन्यात
काजूच्या चिकाने खाल्ली.
बोटांच्या रेषा खाल्ल्या तिथे अक्षरांचं काय.
तेव्हा अंगठ्याने ओळखायचं:
वरचं आवाज वाढवतं, खालचं उतरवतं,
मधलं थांबवतं,
आणि दोनदा दाबलं तर गाणी पिसतं पत्त्यांसारखी:
आरतीच्या मागून दशावतारातल्या राक्षसाची आरोळी,
तिच्या मागून पावलीनच्या मामाचा मांडो.

वायरीला टोकं दोन.
एक माझ्या उजव्या कानात, पदराखालून,
एक पावलीनच्या डाव्या.
"माका वायंच मोठ्यान कर गो."
यंत्रांच्या आवाजासाठी आत वेगळी सोय आहे म्हणे:
रॉक, पॉप, जॅझ, क्लासिक.
बावीस पात्यांसाठी काही नाही.
आम्ही पॉपवर ठेवतो.

बाजूला एक सरकती कळ.
ती वर ढकलली की डबी कुणाचं ऐकत नाही,
किती दाबा, हूं नाही की चूं नाही.
पावलीन म्हणाली, "असली कळ
माका लग्नात कोणी दिल्यान नाय."

आवाज धरून ठेवायचीही सोय आहे.
डावीकडचं बटण दाबून धरायचं,
लाल ठिपका लुकलुकेपर्यंत.
मी आधी कोंबडा धरला, मग बॉयलर,
मग एका शनिवारी, खरं तर चुकून,
तातू मुकादम. काट्यापाशी.
"पावलीन, सात सातशे."
आणि वहीत त्याने लिहिलं सात पाचशे,
जसं तो नेहमी लिहायचा
आणि आम्ही नेहमी चुकीचं ऐकायचो.

आता पुढची सोय, जी दिगूलाही माहीत नव्हती.
मधल्या बटणाने इथे एक खूण करायची,
तिथे दुसरी,
की डबी तेवढ्याच दोन खुणांमध्ये फिरत राहते,
घाण्याच्या बैलासारखी.
पगाराच्या दिवशी मी वायर उपटली.
डबीला स्वतःचं तोंडही आहे, चिलटाएवढं:
पावलीन, सात सातशे.
पावलीन, सात सातशे.
पावलीन, सात सातशे.
तातू आधी हसला. मग म्हणाला, बंद कर.
मी कळ वर ढकलली.
तो दाबत राहिला.

दोनशे ग्रॅमचे पैसे दिले त्याने, त्या एका दिवसाचे.
सोमवारी दारावर खडूने लिहिलं होतं,
कानात काहीही घालून येऊ नये.
शेवंतीने कुड्या काढून हातात धरल्या
आणि विचारलं, "हीं पण काय?"

डबी आता तांदळाच्या डब्यात.
आता काट्याशी तातू बोलला की
बावीस जणी तेच मागून म्हणतो, मोठ्याने,
सहा नऊशे. सहा नऊशे.
पेन टेकेपर्यंत.
वही अजून त्याच्याकडेच असते.

राहिलं पाचवं बटण.
ते काय करतं, मला कळलेलं नाही.
दाबलं की पडदा क्षणभर निळा होतो
आणि काहीतरी विचारतो, इंग्रजीत,
हो किंवा नाही.
मी प्रत्येक वेळी नाही म्हणते
आणि सेल काढून ठेवते.