हिरव्यावर काठी

तीन हिवाळे झाले, सासऱ्यांची उजवी मूठ उघडत नाही.
तिबिलिसीच्या मोठ्या दवाखान्यात वायरी लावून पाहिलं.
शिरा ठीक, हाडं ठीक, माणूस ठीक,
असं शिक्का मारून लिहून दिलं.
नखं तळहातात रुततात म्हणून
दर रविवारी मी बोटांच्या फटीतून कापूस सारते
आणि ते खिडकीबाहेर बघत बसतात,
जणू हात शेजाऱ्याचा आहे.

मग कुणीतरी कुतायसीच्या त्सियालाबाईंचं नाव सांगितलं.
औषधाच्या दुकानावरचा जिना. दोन खुर्च्या, एक स्टूल.
स्टूल माझं.
मला वाटलेलं, लंबक असेल,
डोळ्यांत डोळे घालणं असेल, झोप झोप असेल.
बाईंनी मुठीकडे पाहिलंसुद्धा नाही.
दोराचं विचारलं नाही, रांजणाचं नाही.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला तो रांजण,
तो घासायला आत उतरलेला माझा मालखाझ,
तळाशी साचलेली, वास नसलेली हवा,
आणि वर दोर धरून उभे हेच, बेझान.
यातलं काही नाही.

म्हणाल्या, "तुमच्या दारात अक्रोड आहे का हो?
राचात माझ्या आत्याकडे होता.
आत्या शाळेत गणित शिकवायची, तिला दम म्हणून नव्हता.
ऑगस्टातच काठी घेऊन झाडाखाली.
हिरवी फळं पडायची, पण साल सुटेल तर शपथ.
सुरी झाली, दगड झाला,
हात नाताळापर्यंत काळे,
फळ्यासमोर उभी राहिली की पोरं हसायची.
मग एका वर्षी तिचा पाय मोडला.
प्लास्टर, खाट, खिडकी.
काठी कोपऱ्यात.
आणि झाडाला काय,
झाडाला कुणी सांगावं लागत नाही.
साल आतून सुकते, जरा सैल होते,
एक चीर पडते, केसाएवढी.
रात्री कधीतरी, आत्या भलत्याच हिशेबात असताना,
टप्."

ठरावीक शब्दांवर त्यांचा आवाज एक पायरी खाली उतरायचा.
सैल.
सांगावं लागत नाही.
वाक्य पुढे निघून जायचं, शब्द तिथेच राहायचा,
पाहुण्यानं विसरलेल्या छत्रीसारखा.

बेझान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले,
"आमचा उशिरा तडकतो. नोव्हेंबर उजाडतो."
बाई म्हणाल्या, "मग नोव्हेंबर."
आणि फीचे पैसे मोजून घेतले.

जिना उतरताना म्हातारा चिडलेला.
दोन तासांचा रस्ता, चाळीस लारी,
आणि बाई अक्रोड सांगतात! मला! ज्याची चाळीस झाडं!
मूठ कोटाच्या खिशात, होती तशी.
मी काही बोलले नाही.
तीन हिवाळे मी दात आवळूनच निजते,
सकाळी कानापर्यंत ठणका.
हे कुणालाच सांगितलेलं नाही.
बाईंनाही नाही.
पण आमच्यात म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे,
आणि त्या खोलीत लेक नव्हतीच कुठली.
स्टुलावर सून होती.

मिनीबसमध्ये खिडकीची जागा मिळाली.
पूल गेला, सिमेंटचा कारखाना गेला,
पुढचं आठवत नाही.
जाग आली तेव्हा गाव आलेलं,
तोंड उघडं, जबडा पोरासारखा लोंबलेला,
डोकं सासऱ्यांच्या खांद्यावर.
रस्ता आमचा खड्ड्याखड्ड्यांचा,
डोकं आपटलं कसं नाही?

त्यांच्याकडे पाहिलं.
ते समोर बघत होते. मूठ मांडीवर, बंद.

उतरताना ड्रायव्हरच्या आरशात माझा चेहरा दिसला.
गालावर वळ उमटलेले, ताजे, लालसर.
एक, दोन, तीन, चार.
चार बोटं, शेजारी शेजारी, सरळ.

विचारलं नाही.
पिशवी उचलली, दार ढकललं.
सप्टेंबर होता अजून.