घायपातीची माणसं

टांगा म्हणजे घोड्याची गाडी नव्हे,
गाव आहे, समुद्राकाठचं, आफ्रिकेतलं,
हे मला शाळेत दर वर्षी नव्यानं सांगावं लागे.
नाना तिथे अकरा वर्षं वजनकाट्यावर होते,
घायपातीच्या मळ्यात.
मळा ग्रीकांचा, पात कापणारे हात तिथल्यांचे,
आणि किलो, शिलिंग, तारीख
आमच्या नानांच्या अक्षरात.

परत आले तेव्हा पेटीत
दोन सदरे, तडा गेलेला थर्मास
आणि स्मशानाची वही.

एवांथियाबाईंनी दिली होती.
मळे सरकारजमा झाले, माणसं पांगली,
कुणी अथेन्सला, कुणी जोहान्सबर्गला.
क्लबाला कुलूप. पाद्री वर्षातून एकदा येई,
मग तोही येईना.
'तुझं अक्षर चांगलंय, तू ठेव,' बाई म्हणाल्या.
नाना म्हणाले, मला तुमची लिपी येत नाही.
'म्हणूनच. खाडाखोड करणार नाहीस.'
त्या मात्र राहिल्या तिथेच.

एकसष्ट नावं.
नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावर, गोदरेजच्या कपाटात,
सिडकोच्या करारपत्राखाली.
प्रत्येक नावापुढे नानांची पेन्सिल, मराठीत:

स्तावरो. पत्त्यांत लबाड, उधारीत नाही.
मारिगो. वय चार. हिवताप.
पानायोती. मजुरांचे तीन पगार बुडवले. लिहून ठेवतो.
कॅलिओपी. हिच्या पावाचा वास काट्यापर्यंत येई.
नाव लागत नाही. थडग्यावर बोकडं चढत.

वर्षातून एकदा घरात गहू शिजे.
आई म्हणे, ही कसली खीर, दूध नाही, गूळ नाही.
नाना निथळलेल्या गव्हावर साखर पसरत,
वर डाळिंबाचे दाणे ठेवत, एकेक, काटा बघितल्यासारखे,
आणि वाटीवाटीनं मजल्यावर वाटत.
शेजारच्या गुरविंदरकाकू विचारत, कोण गेलं?
नाना म्हणत, जुनेच.

सर्वपित्रीला त्यांनी गद्रे गुरुजींना वही दाखवली.
गुरुजींनी चष्मा वर केला. गोत्र?
माहीत नाही.
माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं.
काश्यप चालेल, नाना म्हणाले.
असे एकसष्ट ग्रीक
एका सकाळी नेरूळमध्ये काश्यप झाले.
तीळ पुरले नाहीत. मी खाली वाण्याकडे धावले.

तळ्यावर रोहित उतरत, तेव्हा नाना काठावर उभे.
फोटो काढणारी पोरं विचारत,
आजोबा, हे आफ्रिकेतून येतात का?
नाही, कच्छातून.
आफ्रिकेतून मी आलो.

नाना गेले त्याला आता सहा वर्षं.
मार्चमध्ये फोन आला, बाईंच्या भाचीचा, सालोनिकाहून.
मावशी गेली. त्र्याण्णव वर्षांची. टांग्यातच.
आता तिथे आमचं कुणी नाही, म्हणाली,
मग थांबली.
वही आहे ना?

बत्तीस वर्षं कोपरखैरण्यात भूमिती शिकवली मी.
अल्फा, थीटा रोजचे, कोनात बसलेले.
न्यू शेजारच्या वर्गातल्या भौतिकशास्त्राचा,
एप्सिलॉनशी कॉलेजात तोंडओळख.
ह्याच अक्षरांनी माणसंही लिहितात
हे एका पोरालाही सांगितलं नाही कधी.
उप्सिलॉन कधी लागलाच नव्हता,
तो स्तावरोच्या नावातून उसना घेतला.
उधारीत लबाड नव्हता तो.

बासष्टावी ओळ. शाईनं, सावकाश,
फळ्यावर काढावा तसा थीटा जरा मोठाच आला.
राहू दे. खाडाखोड करायची नाही.

पुढची जागा मोकळी.
पेन्सिल धरून बसलेय केव्हाची.
मी बाईंना पाहिलेलं नाही.
त्या पाव कसा भाजत, पत्ते कसे टाकत,
मजुरांशी कसं बोलत,
नानांना विचारायचं राहिलं.

शेवटी लिहिलं: हिनं वही दिली.

गहू भिजत घातलेत.
डाळिंब इथे मिळालं नाही,
सीवूड्सला बघून येते.